कोविडचे निर्बंध सैल झाले. आता आधी काय उघडायचं?

(हा प्रश्न आणि उत्तर ऑगस्ट 2021 मधलं, तेव्हाचे नियम धरून लिहिलेलं.) डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "15 ऑगस्टपासून लोकल सुरू झाली आणि मिस्टरांना ऑफिसने बोलावलं. त्यांचे दोन्ही डोस झालेत. सासूबाई 74 वर्षांच्या, मधुमेह आहे, त्यांचेही दोन डोस झालेत, पण दीड वर्षात त्या जिना उतरलेल्या नाहीत. मुलगा 9 वर्षांचा, त्याला लस नाही. मला मार्चमध्ये कोविड झाला, पहिला डोस 10 जूनला घेतला, अजून दम लागतो. धुणं-भांड्याच्या मावशींना परत बोलावू का? गणपतीला कुडाळजवळ गावी जाऊ का? सगळं उघडतंय, पण आम्ही किती सैल सोडायचं ते कळत नाही."

ताई, मी याच पट्ट्यात बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय. गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकार निर्बंध कशाच्या जोरावर सैल करतं ते आधी बघा. 2021 च्या जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले, ते दोन गोष्टींवर: तपासण्यांत किती टक्के पॉझिटिव्ह निघतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या आहेत. आता ऑगस्टच्या आदेशात दुकानं आणि हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडली, आणि सोबत एक अट घातली की राज्याची ऑक्सिजनची गरज दिवसाला 700 टनांच्या वर गेली तर पुन्हा कडक निर्बंध लागतील. ही अट कुठून आली ते आपण एप्रिलमध्ये पाहिलंय. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले होते. म्हणजे हे सगळं गणित खाटांचं आणि ऑक्सिजनचं आहे. आज कोणी आजारी पडलं तर त्याला खाट मिळण्याची शक्यता चांगली आहे, एवढं ते सांगतं. तुमच्या सासूबाईंची साखर किती, तुमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का, मिस्टर कोणत्या वेळची गाडी पकडतात, हे त्या गणितात नाही. ते तुम्हाला घरी मांडावं लागेल.

माझा क्रम सांगतो. मिळालेली सूट आधी अडलेल्या उपचारांवर खर्च करा, मग माणसांवर, आणि सगळ्यात शेवटी बाजार, मॉल, हॉटेल. लोक नेमकं उलट करताना दिसतात. मॉल उघडला तर पहिल्या रविवारी जातात आणि आईची डोळ्यांची तपासणी दिवाळीनंतर बघू म्हणतात.

त्याआधी थोडी कामं कमी करू, कारण सगळ्या घरांतल्या बायका थकल्या आहेत. भाजी साबणाने धुणं बंद करा, नळाच्या पाण्याने धुतली की पुरे. दुधाच्या पिशव्या, कुरिअरची खोकी, पेपर हे पुसत बसू नका. वस्तूंवरून संसर्ग होण्याचा धोका फार कमी आहे, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 च्या एप्रिलमध्ये तसं स्पष्ट सांगितलं. दिवसातून चारदा काढा पिऊन पोटात आग झालेले रुग्ण माझ्याकडे येतात, तोही थांबवा. हात धुणं चालू ठेवा, ते कोविडशिवायही कामाचं आहे. जी ताकद वाचेल ती हवेकडे वळवा.

कारण हा आजार मुख्यतः हवेतून जातो. बंद खोलीत कोणी बिडी ओढली तर धूर कुठवर जातो, किती वेळ रेंगाळतो आणि खिडकी उघडली की कसा विरतो, तसंच श्वासातल्या बारीक कणांचं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल. सोसायटीच्या गच्चीवर चार बायका गप्पा मारत बसल्या तर चालेल. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर मास्क काढून फोनवर बोलणं चालणार नाही. एसी लावलेल्या बंद हॉटेलात दोन तास जेवण ही आजच्या घडीला सगळ्यात वाईट निवड. तेच जेवण घरी आणून खिडक्या उघड्या ठेवून पाहुण्यांबरोबर जेवलात तर धोका कितीतरी कमी. पावसामुळे आपण खिडक्या लावून घेतो, तरी एक फट ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पाहुणे असताना चालू राहू द्या.

आता मिस्टरांची लोकल. दोन डोस आणि त्यावर 14 दिवस, ही ऑगस्ट 2021 मधली लोकलच्या पासाची अट त्यांनी पूर्ण केलीय, तर जाऊ दे त्यांना. मात्र कापडी मास्कवर लोकल करू नका. एन-95 घ्या, पुढे झडप नसलेला, नाकावर नीट बसणारा. तीन-चार मास्क घेऊन आळीपाळीने वापरा, वापरलेला कागदी पिशवीत ठेवून द्या, धुऊ नका. दाराजवळची किंवा खिडकीची जागा बरी, पण लटकू नका. ऑफिस वेळ बदलून देत असेल तर सकाळची एक गाडी आधीची पकडावी. माझ्या मते गाडीपेक्षा ऑफिसातलं जेवण जास्त जपण्यासारखं आहे. गाडीत माणूस मास्क लावतो, गप्प असतो. डबा खाताना मात्र आठ जण मास्क काढून एका टेबलाभोवती मोठ्याने बोलतात. डबा खिडकीजवळ, दोघांतच खावा. घरी आल्यावर अंघोळ आधी की चहा आधी, यावरून भांडू नका. हातपाय धुतले की पुरे.

दोन डोस झाले म्हणजे किती संरक्षण, हेही सांगतो, कारण यावर टोकाची मतं ऐकतो. ब्रिटनमध्ये विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरला असताना जो अभ्यास झाला त्यात, आपल्याकडे कोविशिल्ड म्हणून मिळते त्या लसीच्या दोन डोसांनी लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे 67 टक्के संरक्षण दिलं. एका डोसाचं संरक्षण जेमतेम 30 टक्के होतं. रुग्णालयात भरती होण्यापासून मात्र दोन डोसांचं संरक्षण बरंच जास्त मिळतं. म्हणजे मिस्टरांना आजार होऊ शकतो, त्यांच्याकडून घरात येऊही शकतो, पण गंभीर होण्याची शक्यता खूप उतरलेली आहे. तुमचा एकच डोस झालाय, हे लक्षात ठेवा. मार्चच्या कोविडने थोडं संरक्षण दिलं असेल, तरी दुसरा डोस चुकवू नका. 2021 च्या नियमाप्रमाणे कोविशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर लागतं, ते 10 जूननंतर 2 सप्टेंबरला पूर्ण होतं. त्यावर संरक्षण तयार व्हायला 14 दिवस म्हणजे 16 सप्टेंबर. 2021 ची गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला आहे. गावचा विचार करताना हे धरून चाला.

सासूबाईंविषयी मला जास्त काळजी आहे, आणि ती कोविडची कमी, दीड वर्ष घरात बसण्याची जास्त. वयस्कर माणसाने चालणं-फिरणं थांबवलं की मांड्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात. वर्षभराने ती माणसं उठतात, बाहेर पडतात आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यावर किंवा बाथरूममध्ये पडतात. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी मी या दोन महिन्यांत जास्त पाहतोय. म्हणून त्यांना एकदम देवळाच्या रस्त्याला लावू नका. पहिला आठवडा घरातच हात नसलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठबस, सकाळ-संध्याकाळ जमेल तितकी. कोणीतरी शेजारी उभं राहायचं. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुसऱ्या आठवड्यात मजल्यावरच्या व्हरांड्यात चालणं. मग जिना, कठडा धरून, एक मजला. मग खाली सोसायटीच्या आवारात, सकाळी ऊन असताना. चप्पल जुनी, गुळगुळीत झालेली असेल तर नवी घ्या. दीड वर्षात चष्म्याचा नंबरही बदललेला असतो.

त्यांची रक्ततपासणी या आठवड्यात करा. उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेबरोबर एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. घरात बसून, चालणं थांबून, काळजीने खाऊन अनेकांची साखर चढलीय आणि जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या चालू आहेत. मधुमेहात डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासावाच लागतो, तो बहुतेकांचा राहिलाय. तळपाय रोज रात्री तुम्ही स्वतः बघा. जखम आहे का, काळं पडलंय का. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, ज्यांचे डोळे, जबडे गेले त्यांच्यात अनियंत्रित साखर असलेले फार होते. साखर ताब्यात ठेवणं ही सासूबाईंसाठी मास्कइतकीच मोठी खबरदारी आहे.

आणि त्यांना माणसं भेटू द्या. त्यांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी दोन डोस झालेल्या असतील तर दोघींना घरी बोलवा, दुपारी, खिडक्या उघडून. वयस्कर माणसं दीड वर्ष टीव्हीवर मृत्यूचे आकडे ऐकत बसली आहेत. विसराळूपणा, रात्री झोप न येणं, कमी बोलणं हे मला आता खूप दिसतं, आणि त्यातलं थोडं तरी माणसं भेटली की सुधारतं. माणसं मास्क लावून बोलतात त्यामुळे ओठ दिसत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो. त्यांच्याशी समोर बसून सावकाश बोला.

माणसांना भेटायचं तर पहिल्यांदा ज्या घरी एप्रिल-मेमध्ये कोणी वारलं त्या घरी जा. तेव्हा समाचाराला कोणी जाऊ शकलं नाही, अनेकांनी आपलं माणूस अखेरचं पाहिलंही नाही. त्या घरातली माणसं अजून दवाखान्यात छातीत धडधड, भूक नाही असं सांगत येतात, आणि थोडं बोलतं केलं की रडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला मेसेज पाठवून ते होत नाही. मास्क लावा, दार उघडं ठेवा, अर्धा तास बसा, गेलेल्या माणसाविषयी बोला.

मुलाचं. शाळा 17 ऑगस्टला उघडायचं ठरून पुन्हा थांबलं, त्यामुळे घरोघरी मुलं गोंधळली आहेत. तुमच्या मुलाच्या वयात गंभीर कोविड क्वचित होतो. आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात देशभरात 6 ते 9 वयाच्या 57 टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना नकळत संसर्ग होऊन गेला. तेव्हा त्याला खाली खेळायला पाठवा. रोज. क्रिकेट, सायकल, पकडापकडी, सगळं चालेल. मैदानात पळताना मास्कचा आग्रह नको, दुसऱ्याच्या घरात व्हिडिओ गेम खेळायला बसला तर मास्क हवा. दिवसभर मोबाईलवर शाळा आणि त्यावरच खेळ, यामुळे मुलांचे चष्म्याचे नंबर भराभर वाढताना दिसतात. दिवसाचे दोन तास उघड्यावर गेले तर डोळ्यांनाही उपयोग होतो. त्याच्या लशीचं कार्ड काढून बघा. पाच वर्षांचा त्रिगुणी लशीचा बूस्टर झालाय का? दहाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस येते. लॉकडाऊनमध्ये हे डोस खूप मुलांचे हुकलेत, आणि घटसर्प किंवा गोवर कोविड संपायची वाट बघत थांबत नाहीत.

तुमचा दम. मार्चमध्ये कोविड होऊन पाच महिने झाले तरी जिना चढताना दम लागतो, तर मनाचे खेळ म्हणून सोडू नका आणि जिद्दीने जोर लावून व्यायामही करू नका. एकदा तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालून बघणं. बायकांमध्ये दमाचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं निघतं, कोविड नुसता निमित्ताला. सगळं ठीक आलं तर दहा मिनिटांच्या सपाट चालण्यापासून सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही तरच दोन-तीन मिनिटं वाढवा. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना तर त्याच दिवशी डॉक्टर. केस गळत असतील तर तापानंतर दोन-तीन महिन्यांनी तसं होतं, नवे येतात, महागडी तेलं घेऊ नका. वास अजून नीट येत नसेल तर लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, लक्ष देऊन हुंगा. काही महिने चिकाटी लागते.

मावशींना बोलवा. त्यांचं घर त्या पगारावर चालतं. लस झाली आहे का विचारा, नसेल तर तुमच्या मोबाईलवरून कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून द्या आणि त्या दिवशी सुट्टी द्या, ताप आला तर दुसऱ्या दिवशीही. त्यांना चांगला मास्क तुम्ही आणून द्या. त्या काम करतात त्या खोलीत सासूबाईंनी बसू नये, एवढं पुरे. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलून ठेवा: "ताप, खोकला असेल तर येऊ नका, पगार कापणार नाही." हे शब्द ऐकल्याशिवाय कोणीही ताप लपवून कामाला येईल, कारण खाडे परवडत नाहीत.

आता तापाचं, कारण पावसाळा आहे. दवाखान्यात रोज येणाऱ्या तापांत कोविड आहे, डेंग्यू आहे, मलेरिया आहे, साधा फ्लूही आहे. नुसतं बघून ओळखता येत नाही. घरात कोणालाही ताप आला की त्याच दिवशी वेगळी खोली, मास्क, खिडकी उघडी, आणि 24 तासांत आरटीपीसीआर. सोबत मलेरियाची तपासणी आणि पहिल्या पाच दिवसांत असाल तर डेंग्यूची एनएस1. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेली अंगदुखीची गोळी नको. डेंग्यू निघाला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरतो तो दिवस बरा झाल्याचा मानू नका. त्याच सुमाराला पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा दिसला तर लगेच रुग्णालय. कोविड निघाला तर दिवसातून तीन-चारदा ऑक्सिजन मोजा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा चुकतो. 94 च्या खाली गेलं, किंवा सहा मिनिटं चालून तीन-चार अंकांनी उतरलं, तर घरी थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात ऑक्सिजन चांगला असताना स्टेरॉइड घेऊ नका, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर तर नाहीच. मधुमेह असलेल्या घरात याने फार नुकसान झालेलं मी पाहिलंय. ताप आल्या दिवशी सीटी स्कॅन करायला धावण्यातही अर्थ नाही.

राहता राहिला गणपती. गाव सोडवत नाही हे मला कळतं, माझीही मुळं कोकणातच आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग 2021 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला काळजीच्या अकरा जिल्ह्यांत होते, आणि तिथे गंभीर रुग्णाला खाट शोधायला कुडाळ-ओरोसहून पुढे गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत जावं लागतं. म्हणून प्रश्न तुमच्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. आधी फोन करून विचारा, घरातल्या सगळ्यांचे डोस झालेत का. काका-काकींचा एकही डोस झाला नसेल तर ते आधी व्हायला हवं. जायचं ठरलं तर निघण्याआधी आठवडाभर मिस्टरांनी ऑफिसात डबा एकट्याने खावा, घरी पाहुणे नकोत, आणि आदल्या दिवशी कोणाला कणकण वाटली तर त्या माणसाने थांबावं. सगळं बिऱ्हाड थांबलं तरी चालेल. एसटी किंवा रेल्वेत रात्रभर एन-95 लावून झोपणं कठीण जातं, शक्य असेल तर घरचीच गाडी करा, काचा थोड्या खाली.

गावी घर मोठं असतं, पडवी असते, त्याचा फायदा घ्या. घरगुती मूर्तीला सरकारने 2021 मध्ये दोन फुटांची मर्यादा घातली होती. गर्दीची मर्यादा तुम्हीच ठरवायची आहे. माजघरात वीस माणसं दाटीने उभं राहून मोठ्याने आरत्या म्हणतात तिथे धोका सगळ्यात जास्त, कारण मोठ्या आवाजात गाताना तोंडातून कण कितीतरी पटींनी बाहेर पडतात. घरच्यांनी आत, बाकीच्यांनी पडवीत-अंगणात, दारं-खिडक्या सताड उघड्या. भजनी मंडळ घरोघर फिरणार असेल तर भजन अंगणात होऊ दे, मंडप घाला. तुम्ही मिस्टरांपेक्षा जास्त जपा, तुमचा दुसरा डोस नुकताच झालेला असेल. मुलगा भावंडांबरोबर हुंदडेल, हुंदडू दे, फक्त शेतात चिखलात अनवाणी नको. कोकणात या दिवसांत लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "आम्ही गावी शेतात उतरलो होतो" हे आपणहून सांगा.

सासूबाईंना न्यायचं की नाही, हे मी एचबीए1सीचा रिपोर्ट आणि त्यांची खुर्चीवरची उठबस बघून सांगेन. त्या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर त्यांना न्या. नेताना चालू औषधांची यादी आणि पुढचे पंधरा दिवस पुरतील इतक्या गोळ्या बरोबर घ्या. इन्सुलिन असेल तर बर्फाच्या पिशवीत, पण बर्फाला चिकटणार नाही असं. रिपोर्ट हातात आला की मला पाठवा, गोळ्यांचा डोस बदलायचा असेल तर तो निघण्याच्या निदान दहा दिवस आधी बदललेला बरा.